शेतातली माती वाहून जातेय? आधी समपातळीची रेघ आखा

बरेच शेतकरी ओघळ पडली की ओघळीतच दगड टाकत बसतात, पण माती सुटायला सुरुवात त्याच्या खूप आधी वरच्या रानात झालेली असते. उन्हाळ्यात नांगरून उघडं ठेवलेलं रान, त्यावर वळवाचे टपोरे थेंब आदळले की ढेकळं फुटतात, बारीक माती वरची छिद्रं बुजवते, पाणी मुरायचं थांबतं आणि उताराला लागतं. त्यात पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो, आणि आपण वरून खाली पाभर (पेरणीचं अवजार) चालवली असेल तर प्रत्येक तास, म्हणजे पेरणीची सरळ ओळ, पाण्याला आयता पाटच. म्हणून उताराला आडवी पेरणी हा सगळ्यात स्वस्त उपाय, बिनखर्चाचा, तरी लोक का टाळतात मला खरंच कळत नाही.

आता आडवं म्हणजे सारख्या उंचीवरच्या जागा जोडणाऱ्या समपातळीच्या रेघेवरून; ही रेघ नजरेनं ठरवू नका, नजर फसते. दोन सारख्या लांबीचे बांबू वर एकत्र बांधा, मधे आडवी काठी, शेंड्यावरून दोरीला दगड लोंबकळता ठेवा, झाली ए फ्रेम. जमिनीवर दोन जागी फ्रेमचे पाय टेकवा, दोरी काठीवर जिथे येते तिथे खूण करा, मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागी ठेवा, परत खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. मग एक पाय जागेवर, दुसरा वरखाली सरकवत दोरी मध्यावर आली की खुणेला चुन्याची फक्की टाका आणि असंच पुढे जात राहा. रेघ वाकडीतिकडी येईल, हरकत नाही, हाताने तिचे बाक थोडे सौम्य करून घ्या.

या रेघेवरच बांध घाला. बांधावर मारवेल नाहीतर खस गवत लावा, मुळं माती धरतात आणि मारवेल जनावरांना वैरण म्हणूनपण चालतं. कृपा करून बांध कोरून दोन तासं वाढवायचा मोह सोडा!

वर डोंगराकडची पडीक जागा असेल तर तिथे सलग समतल चर (समपातळीच्या रेघेवरून खोदलेले लांब खड्डे), साधारण 60 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल, निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला. काम माथ्यावरून पायथ्याकडे आणायचं, उलटं केलंत तर खालचे बांध पहिल्याच पावसात फुटतात. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने चरांसोबत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, म्हणून डोंगरावर गवत टिकलं. नुसते चर खोदून मोकाट गुरं सोडली तर दोनचार वर्षांत ते गाळाने भरतात.

आणि सांडवा विसरू नका. जास्तीचं पाणी जायला दगडाने पिचिंग केलेली, म्हणजे दगड बसवून पक्की केलेली वाट ठेवा, नाहीतर पाणी स्वतःच बांध फोडून वाट काढतं. पहिला जोरदार पाऊस झाला की लगेच रानात चक्कर मारा, जिथे बांध खचलाय तिथे ओल आहे तोवरच माती दाबून घ्या.