मागे ट्रेलर, पुढे २,९०० मैल : अमेरिका आडवी पार करण्याची तयारी

न्यू जर्सीहून आय-८० हा महामार्ग धरला की सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत साधारण २,९०० मैल होतात. नुसत्या गाडीने हे अंतर पाच-सहा दिवसांत कापणारे लोक आहेत. मागे राहण्या-झोपण्याची सोय असलेला ट्रेलर असेल तर तो हिशेब विसरा. आणि आधी नकाशा उघडून बसू नका, आधी वजन काढा. रोज किती पल्ला मारायचा, कुठला घाट चढायचा, टायर टिकतील का, ब्रेक पुरतील का, हे सगळं वजनावरच ठरतं.

वजनाचा हिशेब

गाडीच्या जाहिरातीत 'साडेसात हजार पौंड ओढते' असं लिहिलेलं असतं. तो आकडा बाजूला ठेवा. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर जो स्टिकर दिसतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या पुढे जायचं नाही ते छापलेलं असतं. तुमच्या कामाचा आकडा तो. समजा तो १,५०० आहे. घरातली चार माणसं मिळून ६०० पौंड, गाडीतलं सामान २००, ट्रेलर गाडीला जोडणारी, वजन वाटून देणारी हिच सुमारे १००. उरले ६००. ट्रेलरचं नाक हिचवर जेवढा भार टाकतं, ज्याला टंग वेट म्हणतात, तो या ६०० पौंडांत बसला पाहिजे. हा भार भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. १३ टक्के धरले तर ट्रेलर सामानासकट ४,६०० पौंडांच्या आसपासच हवा. साडेसात हजार कुठच्या कुठे राहिले.

टंग वेट १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर हायवेवर डोलायला लागतो, आणि एकदा डोलायला लागला की वेगाबरोबर डोलणं वाढतच जातं. म्हणून जड सामान चाकांच्या वर किंवा थोडं पुढे, खाली जमिनीलगत ठेवा. मागच्या बंपरवर सायकली टांगणं हे टंग वेट बिघडवण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. पाण्याचंही तसंच. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंडांहून जास्त. टाकी चाकांच्या मागे असेल तर ती भरताच नाक हलकं होतं. पुढे असेल तर उलट. टाकी नेमकी कुठे आहे ते खाली वाकून बघून घ्या. नळाची सोय असलेल्या मुक्कामाकडे निघताना पाच-सात गॅलन पाणी पुरतं.

कागदावरचा हिशेब झाला की ट्रकवाल्यांच्या काट्यावर जा. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, त्यावर गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल (चाकांची जोडी धरणारा दांडा), मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी मिळतात. तीनदा तोला: एकदा सगळं जोडून, एकदा हिचचे वजन वाटणारे बार सोडून, एकदा ट्रेलर बाजूला लावून नुसती गाडी. तिन्ही वेळा माणसं आत आणि इंधनाची टाकी भरलेली हवी. दुसऱ्या वजनातल्या गाडीच्या दोन अ‍ॅक्सलच्या बेरजेतून तिसऱ्यातली बेरीज वजा करा. जे उरेल ते तुमचं खरं टंग वेट. पहिल्या आणि तिसऱ्या वजनातला पुढचा अ‍ॅक्सल ताडून पाहा. पहिल्यात तो फार हलका दिसला तर पुढची चाकं रस्ता नीट धरत नाहीत, स्टिअरिंग सैल वाटतं. अशा वेळी हिचची मांडणी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलं आहे तशी बदलून घ्या. त्याच काट्यावर २४ तासांच्या आत पुन्हा तोललं तर पैसे कमी पडतात, त्यामुळे तीनदा तोलण्यात काटकसर करू नका. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या कोपऱ्यात जो शिक्का असतो, त्यावरच्या कमाल वजनाशीही आकडा पडताळून घ्या.

जोडणी

इथे घाई अजिबात चालत नाही. हिचवरचा गोळा, म्हणजे हिच-बॉल, साधारण २ इंची किंवा २ ५/१६ इंची असतो. २ ५/१६ च्या कपलरमध्ये, म्हणजे ट्रेलरच्या नाकावरच्या बॉल धरणाऱ्या खोबणीत, २ इंची बॉल बसल्यासारखा वाटतो, खिट्टीही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात ट्रेलर उसळून सुटतो. बॉलवर आणि कपलरवर माप कोरलेलं असतं, दोन्ही वाचा. खिट्टी लावून पिन घातल्यावर ट्रेलरच्या नाकाचा जॅक दोन-तीन इंच वर घ्या. गाडीची मागची बाजू त्याच्याबरोबर उचलली गेली तरच पकड खरी.

साखळ्या नाकाखालून एकमेकींना छेदून लावा. कपलर निसटलाच तर नाक रस्त्यावर न आपटता त्या फुलीवर झेललं जातं. साखळी वळणापुरती सैल हवी, पण जमिनीला घासायला नको. ब्रेकअवेची तार साखळीच्या हुकात अडकवू नका, गाडीच्याच चौकटीला वेगळी अडकवा. ट्रेलर पूर्ण सुटला तर ही तार खुंटी ओढून काढते आणि ट्रेलरच्या बॅटरीवर त्याचे ब्रेक लागतात. बॅटरी उतरलेली असेल तर काहीच लागत नाही. म्हणून निघण्याच्या आठवड्यात एकदा ट्रेलर जोडून, गाडीची वीज ट्रेलरला देणारा सात पिनांचा प्लग काढून आणि खुंटी ओढून गाडी जेमतेम पुढे घ्या. ट्रेलरची चाकं अडली पाहिजेत.

गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर रिकाम्या, सपाट रस्त्यावर लावून घ्या. ताशी २०-२५ मैलांवर असताना गाडीच्या पॅडलला हात न लावता कंट्रोलरची हाताची दांडी दाबा. ट्रेलरची चाकं फरफटायला लागेपर्यंत जोर वाढवा, मग थोडा कमी करा. ट्रेलर रिकामा असताना लावलेला आकडा भरलेल्या ट्रेलरला पुरत नाही, आणि भरलेल्याचा ओल्या रस्त्यावर जास्त होतो.

टायर

वाटेत सहल अडते ती बहुतेक वेळा इथे. ट्रेलरचे टायर झिजून क्वचितच जातात, ते वयाने आणि उष्णतेने जातात. टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनंतरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी नवी दिसली तरी बदला. हवा सकाळी, चाक फिरण्याआधी, थंड असताना भरा. ट्रेलरसाठीच बनवलेल्या एसटी टायरला साधारणपणे बाजूवर छापलेला कमाल दाब देतात. लोड रेंज, म्हणजे टायरची भार पेलण्याची श्रेणी, सी ला ५०, डी ला ६५, ई ला ८० पीएसआय, असे आकडे सहसा दिसतात. दुपारी दाब वाढलेला दिसेल. तेव्हा हवा सोडू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि भर उन्हात वरचा नक्षीचा पट्टा सोडतो. पट्टा सुटला की नुसता टायर जात नाही, चाकावरचं पत्र्याचं आवरण आणि त्यामागची नळी-वायरसुद्धा फाटते.

बऱ्याच एसटी टायरना ताशी ६५ मैलांचीच मर्यादा असते. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ५५ ची कायदेशीर मर्यादा आहे. हवेचा दाब दाखवणारे सेन्सर ट्रेलरच्या प्रत्येक चाकाला बसवा, कारण दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरचा एक टायर बसला तरी ड्रायव्हरला समोर काहीच जाणवत नाही.

चाक काढून लावलं असेल तर नट टॉर्क पान्यानेच आवळा. अर्ध्या इंची बोल्टला साधारण ९० ते १२० फूट-पौंड, नेमका आकडा ट्रेलरच्या पुस्तिकेत असतो. मग १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा तपासा. बेअरिंगमध्ये वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी नवं ग्रीस भरून घ्या. प्रत्येक थांब्यावर चाकाच्या मधल्या हबजवळ हाताचा पंजा न्या, किंवा लांबून ताप मोजणारा थर्मामीटर धरा. एक हब बाकीच्यांपेक्षा खूप तापलेला असेल तर बेअरिंग जातंय किंवा ब्रेक चिकटून राहिलाय. पुढच्या गावापर्यंत रेटू नका.

वाट

कोलोराडोतून आय-७० सुंदर आहे, पण आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे आणि पश्चिमेला बाहेर पडताच खडा उतार लागतो. आय-८० चा सर्वोच्च माथा वायोमिंगमध्ये शर्मन समिट, ८,६४० फूट. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे शर्मनवर पाव ताकद गेलेली असते आणि बोगद्यापाशी जवळपास एक तृतीयांश. ओझ्याची गाडी असेल तर आय-८० बरा. फक्त तिथे घाटाच्या जागी वारा आहे. लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा हलक्या, उंच वाहनांसाठी वाऱ्यामुळे बंद केला जातो, आणि ट्रेलर नेमका त्याच वर्गात येतो. आदल्या रात्री वायोमिंगची, रस्त्यांची स्थिती सांगणारी ५११ सेवा बघा. बंद असेल तर एक दिवस थांबा. ट्रेलर आडवा होण्यापेक्षा तो दिवस फार स्वस्त.

फोनवरच्या नेहमीच्या नकाशाला तुमची उंची माहीत नसते. छतावरच्या एसीसकट ट्रेलरची उंची स्वतः मोजा आणि उंची-लांबी भरता येईल असं अ‍ॅप वापरा. न्यूयॉर्कच्या आसपासचे बरेचसे पार्कवे आणि कनेटिकटचा मेरिट पार्कवे ट्रेलरला बंद आहेत, पूलही ठेंगणे आहेत. बाल्टिमोरच्या बोगद्यांतून ट्रेलरच्या नेहमीच्या प्रोपेन टाक्या नेता येत नाहीत; शहराला वळसा घालणारा रस्ता धरा. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहन जाऊ शकत नाही, आणि यात गाडी व ट्रेलर मिळून लांबी धरतात. ट्रेलर कॅम्पात सोडून तो रस्ता बघायचा.

उतारावर गिअर माथ्यावरच खाली आणा, उतरायला लागल्यावर नव्हे. ब्रेक सतत दाबून धरले की तापून विरघळल्यासारखे होतात, पॅडल खाली जातं. दाबायचे तर ठामपणे दाबा, वेग उतरवा, सोडा. ट्रेलर डोलू लागलाच तर गाडीचे ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि कंट्रोलरच्या दांडीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा.

पल्ला, इंधन, मुक्काम

रोजचे २५० मैल धरा. जमेल तेव्हा ३००. नकाशा चार तास सांगत असेल तर पाच माना. २,९०० मैलांना १२ दिवस गाडी चालवण्याचे, आणि दर तीन दिवसांनी एक पूर्ण विश्रांतीचा, असे १५-१६ दिवस होतात. दुपारी तीन-साडेतीनला मुक्कामी पोचायचं हे मनाशी पक्कं करा. अनोळखी जागेत अंधारात ट्रेलर मागे घेताना झाडाची फांदी आणि विजेचा खांब दिसत नाही. पश्चिमेकडे जाताना तीनदा घड्याळ एक तास मागे जातं. त्या तासात जास्त पल्ला मारायचा मोह टाळा.

एरवी गॅलनला २० मैल देणारी गाडी ट्रेलर ओढताना १० देते असं धरून चला. टाकी २४ गॅलनची असेल तर २४० मैल, पण पाव टाकी राखीव, म्हणून १८० मैलांवर भरायचंच. मैदानी भागात पश्चिमेकडे जाताना वारा बहुधा समोरून असतो, तेव्हा तर १५० वरच. पंपावर शिरण्याआधी बाहेर पडायची वाट दिसते का ते बघा. कडेचा पंप, नाहीतर ट्रक स्टॉप.

सरकारी कॅम्पग्राउंडचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर होतं आणि पुष्कळ ठिकाणी सहा महिने आधी उघडतं. मेमोरियल डे, ४ जुलै आणि लेबर डेच्या आठवड्यांतले मुक्काम सगळ्यात आधी पक्के करा. जागेची लांबी वाचताना ती फक्त ट्रेलरची की गाडीसकट, हे बघा. नुसत्या रात्रीपुरत्या थांब्यांना आरपार जाता येणारी जागा घ्या, म्हणजे ट्रेलर सोडावा लागत नाही. राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक ठिकाणी वीज-पाण्याची जोडणी नसते. तीन रात्री तशा गेल्या की चौथी जोडणीची ठेवा. जळाऊ लाकूड राज्याबाहेर नेऊ नका. त्यातून झाडं मारणारे किडे पसरतात.

जागेवर पोचल्यावर आधी चाकांना अडसर, मग हिच सोडा. विजेच्या खांबाला थेट जोडू नका, मध्ये विजेचा दाब आणि तारा तपासणारं संरक्षक उपकरण लावा. पाण्याला ४०-५० पीएसआयचा रेग्युलेटर हवाच, काही ठिकाणी नळाचा दाब ट्रेलरच्या नळ्या फोडतो. संडासाच्या टाकीची झडप मुक्कामात बंद ठेवा. उघडी राहिली तर पाणी वाहून जातं, मैला आत साचून घट्ट ढीग होतो. दोन-तृतीयांश भरल्यावर आधी ती रिकामी करा, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाचं पाणी पाइप धुऊन नेतं. नंतर तीन-चार गॅलन पाणी परत टाका.

निघण्याच्या महिनाभर आधी घरापासून ५० मैलांच्या आत दोन रात्री राहून या, सगळं सामान भरून. फ्रिज, हीटर, पंप, गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म चालवून बघा, अलार्मवरची मुदत वाचा. त्याच सहलीत भर दिवसा, मोकळ्या जागेत एकदा चाक बदलून पाहा: जॅक ट्रेलरखाली जातो का, पाना नटाला बसतो का, सुट्या टायरमध्ये हवा आहे का. जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावू नका, ती वाकते. पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा.