बीटल्सची जुनी प्रिंट दुरुस्त करताना

१९६०च्या दशकात वर्तमानपत्रांना वाटलेल्या, बीटल्स या ब्रिटिश बँडच्या फोटोंच्या प्रिंट बहुधा ८ × १० इंची, चकचकीत, कृष्णधवल असतात. चित्र असते ते जिलेटिनच्या थरातल्या चांदीच्या कणांचे. म्हणून दुरुस्ती स्कॅनवर करायची, मूळ कागदावर नाही.

आधी मागची बाजू पाहा. वृत्तसंस्थेचा शिक्का, तारीख, चिकटवलेली मजकुराची पट्टी यांवर संग्राहक किंमत ठरवतात. पट्टी सोलू नका. या बाजूचाही स्कॅन घ्या.

सफाई कोरडीच. ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश मध्यापासून कडेकडे फिरवा. ओल्या बोळ्याने जिलेटिन फुगते आणि कापसाचे तंतू त्यातच रुततात. प्रिंट फ्रेमच्या काचेला चिकटली असेल तर ओढू नका, काचेसकट कॉपी करा.

स्कॅन ६०० पीपीआय (इंचाला पिक्सेल), ४८ बिट रंगीत, टिफ फाइल. ऑटो शार्पन बंद. फाइल ४८०० × ६००० पिक्सेलची होते, म्हणजे ३०० पीपीआयला १६ × २० इंचांपर्यंत छापता येते. कृष्णधवल फोटो रंगीत का स्कॅन करायचा? रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर म्हणजे चॅनेल असतात; पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये गडद दिसतात, लाल चॅनेलमध्ये खूपच फिके. लाल चॅनेल ठेवून ग्रेस्केल केले की बरेच काम तिथेच हलके होते. गडद भागांवर निळसर चंदेरी झाक आली असेल तर मात्र स्कॅनर कमी पडतो. तिथे कॅमेरा घ्या: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, दिव्यांवर पोलरायझिंग (चकाकी कापणारी) फिल्म, आणि लेन्सवरचा पोलरायझर झाक जाईपर्यंत फिरवायचा.

रिटचिंग नव्या लेअरवर, १०० टक्के झूमवर. ब्रश ओरखड्याहून जरासाच मोठा. पार्श्वभूमीपासून सुरुवात, चेहरे शेवटी. सगळ्या चित्रावर धूळ काढणारा फिल्टर मारला की ग्रेन (फोटोचा बारीक कणदारपणा) जातो आणि त्वचा प्लास्टिकची होते. एआयचे ‘फेस एन्हान्स’ त्याहून वाईट: ते हरवलेले तपशील अंदाजाने भरते आणि बँडमधल्या जॉन लेननच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा कुणीतरी उभा राहतो. हे चेहरे लोकांना पाठ आहेत, लगेच पकडले जाते. ओठ-डोळे धूसर असतील तर धूसरच राहू द्या.

चित्र उलटे तर नाही ना, तेही तपासा. बास गिटार वाजवणारा पॉल मॅकार्टनी डावखुरा, तो समोर तोंड करून उभा असेल तर गिटारची मान आपल्या डावीकडे हवी. ड्रमर रिंगोच्या ड्रमवरची अक्षरे दिसत असतील तर प्रश्नच नाही.

छपाई सुती कागदावर, पिगमेंट शाईने. फ्रेममध्ये काच आणि प्रिंट यांच्यात माउंट (मधे खिडकी कापलेला पुठ्ठा) हवाच. मूळ प्रिंट अ‍ॅसिडमुक्त कागदी पाकिटात ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात जिलेटिन प्लास्टिकलाही चिकटते. प्रिंट विकत घेतल्याने कॉपीराइट मिळत नाही, त्यामुळे प्रती विकायच्या तर हक्कदाराची परवानगी लागते. नव्या प्रतीच्या मागे पेन्सिलने ‘दुरुस्त प्रत’ आणि वर्ष लिहा, नाहीतर पुढे कुणीतरी ती अस्सल जुनी म्हणून विकेल.