एमएसआय तपासणी: ‘लॉस’ लिहिण्याआधी या चुका टाळा

एमएसआय म्हणजे मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता: पेशीची डीएनए-दुरुस्ती बिघडली की डीएनएतल्या छोट्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांची लांबी बदलते. तिच्या तपासणीत उत्तर बरेचदा ‘नसण्यात’ दडलेलं असतं. आतड्याच्या किंवा जठराच्या कॅन्सरमध्ये एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही डीएनए-दुरुस्तीची चार प्रथिनं शिल्लक आहेत का, हे आपण आयएचसीने (स्लाइडवर प्रथिनाला रंग देणाऱ्या तपासणीने) पाहतो. केंद्रक तपकिरी दिसलं तर प्रथिन आहे, निळंच राहिलं तर ते गेलं, म्हणजे ‘लॉस’. पण निळं राहायला स्टेन नीट न लागणंही पुरतं.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शेजारच्या पेशी न बघता ‘लॉस’ लिहून मोकळं होणं. गाठीतल्या लिम्फोसाइटना (पांढऱ्या रक्तपेशींना), स्ट्रोमाच्या (आधार देणाऱ्या ऊतीच्या) पेशींना, बाजूच्या निरोगी ग्रंथींच्या तळाला रंग आलाच पाहिजे. तिथेही नसेल तर स्टेन फसलाय. पुन्हा लावा.

एका सोमवारी आमच्याकडे उजव्या बाजूचं मोठं आतडं अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबून आलं. ऑपरेशन शनिवारी दुपारचं. आतडं उघडलेलं नाही, फॉर्मॅलिन जेमतेम बुडेल एवढं. कापलं तर बाहेरून कडक आणि आत गाठ राखाडी, पिठूळ. चारही स्लाइडवर कडेला छान तपकिरी रंग, मध्यभागी सगळं निळं, लिम्फोसाइटसुद्धा. घाईत चारही प्रथिनं गेली असं लिहिलं असतं! कोलोनोस्कोपीच्या बायोप्सीचा ब्लॉक मागवला, त्यात चारही शाबूत. बायोप्सीचा तुकडा चिमुकला, फॉर्मॅलिन त्यात लगेच मुरतं. मोठा नमुना उघडून, दहापट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास ठेवायचा, एवढं ऑपरेशन थिएटरमध्ये सांगून ठेवलं की अर्धी डोकेदुखी जाते.

गुदाशयाच्या कॅन्सरला आधी केमो-रेडिएशन झालं असेल तर एमएसएच६ फिकट किंवा नाहीसं दिसू शकतं. इथेही उपचाराआधीची बायोप्सीच वापरा.

ही प्रथिनं जोडीने राहतात. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ जातं, एमएसएच२ गेलं की एमएसएच६. उलट मात्र होत नाही. पीएमएस२ किंवा एमएसएच६ एकटं जाऊ शकतं. त्यामुळे एमएलएच१ गायब आणि पीएमएस२ ठसठशीत, असं दिसलं की आधी स्टेनवर संशय घ्यावा. एमएलएच१च्या एम१ क्लोनने (रंगवायला वापरतात त्या अँटिबॉडीच्या एका प्रकाराने) केंद्रकात नुसते ठिपके दिले तर ते ‘शाबूत’ धरू नका.

पीसीआरमध्ये (डीएनएतली अस्थिरता थेट पाहणाऱ्या तपासणीत) चूक उलट्या बाजूने होते: खरी अस्थिरता लपते. नमुन्यात कॅन्सरच्या पेशी साधारण २० ते ३० टक्के तरी हव्यात. म्युकसने भरलेल्या गाठीत त्या मूठभर असतात. शिवाय एमएसआय असलेल्या गाठींत लिम्फोसाइटची गर्दी बरेचदा असते, त्यांचा निरोगी डीएनए उत्तर पातळ करतो. स्लाइडवर गाठीभोवती पेनने गोल करून तेवढंच खरवडा. पाच मार्करपैकी (डीएनएतल्या ठरलेल्या जागांपैकी) दोन किंवा अधिकांची लांबी बदलली तर एमएसआय-हाय, म्हणजे अस्थिरता जास्त. एमएसएच६ गेलेल्या काही गाठी पीसीआरवर स्थिर दिसतात. काहींत प्रथिन रंगतं पण काम करत नाही, तिथे आयएचसी फसते. संशय असेल तर दोन्ही तपासण्या करा.

रिपोर्टमध्ये ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द तर मी हद्दपारच केलाय. एमएमआर म्हणजे हीच डीएनए-दुरुस्ती. ‘एमएमआर पॉझिटिव्ह’ म्हणजे प्रथिनं शाबूत आणि ‘एमएसआय पॉझिटिव्ह’ म्हणजे बरोबर उलट. २०१७ पासून अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची एक मंजुरी याच निकालावर टेकलेली, तिथे शब्दांचा घोळ परवडत नाही. ‘एमएलएच१: केंद्रकात रंग नाही, अंतर्गत कंट्रोल चांगला’ असं सरळ लिहा.

आणि एमएलएच१ गेलं म्हणून घरच्यांना लगेच ‘लिंच सिंड्रोम’ (या दुरुस्तीतला आनुवंशिक दोष) सांगू नका. मोठ्या आतड्यात त्याचं कारण बहुतेकदा एमएलएच१च्या प्रमोटरचं मिथायलेशन (जनुक बंद करणारी रासायनिक खूण) असतं, आनुवंशिक नव्हे. आधी बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकबदल बघा; तो असेल तर लिंच बहुधा नाही, तो नसेल तर मिथायलेशन तपासा. जठराच्या गाठीला मात्र बीआरएएफ मागवू नका. त्या गाठींत तो जवळजवळ सापडतच नाही, तिथे थेट मिथायलेशनच.