ऊसतोडीला जाणाऱ्या लेकराचं इन्सुलिन कसं सांभाळावं

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, पाटोदा, शिरूर कासार भागातून टोळ्या निघतात. ट्रॅक्टरवर भांडी, गोधड्या, शेळ्या चढतात. घरातल्या पोराला किंवा पोरीला टाइप वन मधुमेह असेल तर सोबत पाच-सहा महिन्यांचं इन्सुलिनही न्यावं लागतं. या आजारात शरीर इन्सुलिन बनवतच नाही. कारल्याचा रस, काढा, गंडा-दोरा, कशानेही सुई सुटत नाही, आणि बंद केली तर काही दिवसांत जिवावर बेततं. आधी हे घरातल्या आजीपर्यंत सगळ्यांना पटवून द्या.

उचल, म्हणजे कामाआधी मिळणारे आगाऊ पैसे, हातात आली की त्यातून पहिल्यांदा इन्सुलिन, सिरिंज आणि रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्या घ्या. सरकारी दवाखान्यातून औषध मिळत असेल तर डॉक्टरांना सांगा, "आम्ही कारखान्यावर चाललोय, जास्त दिवसांचं द्या." औषधाचं नाव आणि मात्रा लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो आई-बाप दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

सिरिंज घेताना घाई नको. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे १ मिलिलिटरला ४० युनिट. इन्सुलिनच्या पेनमधलं बहुतेक १०० चं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० च्या इन्सुलिनला लाल टोपणाची सिरिंज लावली, तर २० च्या रेघेपर्यंत भरल्यावर अंगात ५० युनिट जातात. पोरं यात बेशुद्ध पडतात. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग लेकराला स्वतः मोठ्याने वाचायला लावा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला हे जमतं, आणि त्यालाच जमलं पाहिजे. आई-बाप पहाटे चारलाच फडात, म्हणजे उसाच्या शेतात असतात.

कोपीत, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, फ्रिज नसतो, पण माठ असतो. एका मोठ्या मडक्यात छोटं मडकं ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा, सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडा. बाटल्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी, चुलीपासून लांब. केनियातल्या दादाबच्या छावणीत सोमालियातल्या युद्धातून पळून आलेली माणसं राहतात, तिथल्या उन्हाचा विचार करून डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेने आणि जिनिव्हा विद्यापीठाने इन्सुलिन तपासलं. २०२१ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात २५ ते ३७ अंशांमध्ये खालीवर होणाऱ्या तापमानात ते ४ आठवडे टिकलं. त्यामुळे वापरात असलेली बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि ४ आठवड्यांनी बदला. राखीव बाटल्यांसाठी जवळच्या मेडिकलवाल्याला किंवा आरोग्य केंद्राला फ्रिजमध्ये जागा मागा. बर्फाला मात्र बाटली टेकू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

लेकरू मोळ्या बांधायला, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायला हात लावणार असेल, तर (खरं तर त्याने शाळेत असावं, पण कोपीवर एकटं ठेवण्यापेक्षा आई त्याला सोबत नेते) आधी साखर तपासा आणि भाकरी खाल्ल्याशिवाय फडात पाठवू नका. कष्टाच्या दिवशी मात्रा किती कमी करायची ते निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. हात थरथरले, दरदरून घाम आला, बोलणं तुटक झालं किंवा साखर ७० च्या खाली दिसली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. खिशात साखरेची पुडी कायम हवी. शुद्ध गेली तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. दिवसभर राबल्यावर साखर रात्री झोपेतही उतरते, तेव्हा झोपताना एकदा तपासाच.

उलट्या, पोटदुखी, जोरजोराचा श्वास, तोंडाला गोडसर वास ही साखर फार वाढल्याची खूण. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन थांबवू नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

आजार लपवूही नका. पोरीचं लग्न जमणार नाही या भीतीने घरचे गप्प बसतात, आणि फडात ती कोसळली की कुणाला काही कळत नाही. मुकादमाला आणि शेजारच्या दोन कोप्यांना साखर कशी द्यायची ते दाखवून ठेवा. १०८ ला पत्ता सांगता आला पाहिजे, म्हणून मुक्कामी पोचताच गावाचं नाव, शेतमालकाचं नाव आणि जवळचा रस्ता कागदावर लिहून कोपीच्या दाराशी अडकवा. मुक्काम हलला की तो कागद नव्याने लिहा.