फ्रंट लोड मशीन अडलं की आधी पाण्याची वाट धरा

मागच्या पावसाळ्यात आमच्या ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन, समोरून दार असलेलं फ्रंट लोड, पोटात पाणी घेऊन मधेच थांबलं. दार उघडेना, आणि काचेपलीकडे मुलाचा शाळेचा गणवेश भिजत पडलेला. बघायला आलेल्या माणसाने काहीही न उघडता पंप गेल्याचं जाहीर केलं. संध्याकाळी शेजारच्या मावशींनी खालचं छोटं झाकण उघडायला लावलं, तर जाळीतून दोन रुपयांचं नाणं, केसांची पिन आणि गुंताच गुंता निघाला. पंप अजूनही तोच आहे.

तेव्हापासून काही बिघडलं की मी पाण्याच्या वाटेने जातो: ते येतं कुठून, साचतं कुठे, जातं कुठून. मात्र हात घालण्याआधी नळ बंद करा आणि प्लग सॉकेटमधून काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

पाणी येतच नाही

ठाण्यात भातसा आणि उल्हास नदीचं पाणी येतं, नवी मुंबई महापालिकेचं मोरबे धरणातून. हे पाणी तसं मृदू, म्हणजे क्षार कमी असलेलं. त्रास होतो तो शटडाऊननंतर. दिवसभर लाइन बंद राहिली की दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाणी गढूळ येतं आणि ती माती मशीनच्या पाठीमागच्या जाळीत जाऊन बसते. मग एलजीच्या मशीनवर 'आयई' हा बिघाडाचा कोड दिसतो, सॅमसंगवर '4सी' किंवा '4ई'.

मशीन जरा पुढे ओढा, खाली बादली धरा आणि इनलेट पाइपचा आटा हाताने सोडवा. आत बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी दिसेल. ती बारीक टोकाच्या पकडीने अलगद बाहेर ओढा, जुन्या टूथब्रशने घासा, परत बसवा. पाइपातलं रबरी वॉशर जागेवर आहे ना, ते बघा. नळ उघडल्यावर पाच मिनिटं तिथेच उभं राहून गळती तपासा. शटडाऊनच्या दुसऱ्या दिवशी आधी बादलीभर पाणी नळातून सोडून दिलं, तर हा खटाटोप बराच वाचतो.

जाळी स्वच्छ असूनही पाणी येत नसेल, तर वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी प्रेशरचा विचार करावा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नुसत्या उताराने येत असेल, तर दहा मीटर उंचीला साधारण एक बार प्रेशर मिळतं. टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर असली तर 0.3 बार, आणि बऱ्याच मशीनना तेवढं पुरत नाही. पाचव्या मजल्यावर खुशाल चालणारं मशीन सर्वात वरच्या मजल्यावर कुरकुरतं ते याचमुळे. इथे प्रेशर पंप लावावा लागतो, मशीन बदलून काही होत नाही.

पाणी आत अडकलंय

एलजीवर 'ओई', सॅमसंगवर '5सी' किंवा '5ई', बॉशवर 'ई18' दिसलं की निचरा तुंबला असं समजा. दार ओढाताण करून उघडू नका. आत पाणी असेपर्यंत ते मुद्दामच लॉक राहतं. गरम पाण्याचा प्रोग्राम चालू होता तर आधी तासभर थंड होऊ द्या.

1. पुढच्या बाजूला खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडा. समोर उथळ परात किंवा बेकिंगचा ट्रे सरकवा आणि खाली जुना टॉवेल अंथरा. बादली तिथे मावत नाही.
2. आत बारीक रबरी नळी असेल तर तिचं बूच काढून पाणी परातीत सोडा. परात भरली की बूच लावायचं, परात रिकामी करायची, पुन्हा सोडायचं. बऱ्याच खेपा होतात, कंटाळू नका. नळी नसेल तर फिल्टरच थोडा थोडा सैल करत पाणी काढावं लागतं.
3. पाणी संपल्यावर फिल्टर डावीकडे फिरवून बाहेर काढा. नाणी, सेफ्टी पिना, बटणं, ब्राची तार, काय निघेल ते.
4. टॉर्च मारून आत बघा. पंपाचं छोटं पातं बोटाने फिरवा. ते अडखळत, झटके देत फिरतं आणि तसंच फिरायला हवं, कारण त्यात चुंबक असतं. दोरा गुंडाळला असेल तर काढा.
5. फिल्टर सरळ बसवून घट्ट करा. साबणाच्या कप्प्यातून दोनेक लिटर पाणी ओता आणि खाली थेंब येतो का बघा.

महिन्यातून एकदा हे केलं तर परातीच्या खेपा कराव्या लागत नाहीत.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये याच्या उलट भानगडही दिसते. ड्राय बाल्कनीत निचऱ्याचा पाइप जमिनीवर सोडून थेट नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या भोकात, खुपसलेला असतो. तसं केलं की घेतलेलं पाणी आपोआप वाहून जातं, मशीन भरतच राहतं आणि धुलाई संपता संपत नाही. पाइपाला कमरेच्या आसपास, जमिनीपासून 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर एक वळण हवं. पाठीमागे त्यासाठी क्लिप असते, ती वापरा. टोक ट्रॅपमध्ये घट्ट कोंबू नका.

कपड्यांना कुबट वास

जुलैत हा प्रश्न घरोघरी. दाराच्या रबराची घडी बोटाने उलटी करून बघा: खालच्या बाजूला पाणी, केस आणि काळी बुरशी सापडेल. कपडे काढल्यावर घडी कोरड्या फडक्याने पुसायची आणि दार चार बोटं उघडं ठेवायचं. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर तेवढं लक्ष ठेवा. साबणाचा कप्पा मधली खटकी दाबून पूर्ण बाहेर निघतो, हे अनेकांना माहीतच नसतं. सॉफ्टनरच्या खणात चिकट थर साचतो, तो गरम पाण्याने जातो.

महिन्यातून एकदा रिकामं मशीन 60 अंशांवर किंवा टब क्लीन प्रोग्रामवर चालवा. ठाण्यात घोडबंदर रोडला उन्हाळ्यात टँकर येतात. त्यात बोअरचं पाणी असेल तर हीटरवर क्षार बसतो, तेव्हा डिस्केलिंग पावडर टाका. ती आणि ब्लीच एकत्र कधीही नको, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

आणि साबण कमी घाला. हातधुलाईची पावडर फ्रंट लोडमध्ये फेसाचा डोंगर करते आणि त्या फेसात ड्रम नीट फिरत नाही. पाणी मृदू असेल तर मशीनसाठीची मॅटिक पावडरही पाकिटावरच्या मापाच्या निम्मी पुरते. आमच्या घरी यावर वाद झाले, पण टॉवेल मऊ झाल्यावर थांबले.

धडधड

एकटी जाड चादर टाकली की ती गोळा होऊन एका बाजूला बसते. सोबत दोन टॉवेल टाका. तरीही मशीन चालत सुटत असेल तर वर पाण्याने भरलेली वाटी ठेवून समतल बघा, पाय फिरवून उंची जुळवा आणि पायाचा नट घट्ट करा. चाकांच्या स्टँडवर मशीन ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

प्लग काढून रिकामा ड्रम हाताने फिरवताना घरघर आली किंवा ड्रम वर-खाली हलला, तर ड्रमचं बेअरिंग गेलं समजा. हे घरचं काम नाही. ड्रम आणि बाहेरची टाकी खोलावी लागते, खर्चही मोठा. आधी लेखी अंदाज घ्या आणि मशीनचं वय धरून ठरवा. तारा कुरतडलेल्या दिसल्या तरी स्वतः टेप गुंडाळू नका, उंदराचा बंदोबस्त करा आणि मेकॅनिक बोलवा. हीटर साधारण दोन किलोवॅटचा असतो, तेव्हा एक्स्टेन्शन बोर्ड नको, 16 अँपिअरचं सॉकेटच हवं.

भाड्याच्या घरात राहत असाल तर आणखी एक. मशीन नवं आलं तेव्हा पाठीमागून काढलेले ट्रान्झिट बोल्ट फेकू नका. घर बदलताना ड्रम त्यांनीच आवळतात, आणि नव्या घरी पहिल्या धुलाईआधी ते काढायलाच लागतात. आमचे बोल्ट पिठाच्या जुन्या डब्यात, गॅसच्या कार्डाशेजारी आहेत.