सँटोरिनीला फील्डवर्कला जाताय? मग शेजारच्या कोलंबो ज्वालामुखीचाही अभ्यास करा

दख्खनच्या बेसॉल्टवर शिकलेली मुलं ग्रीसमधल्या सँटोरिनी या ज्वालामुखी बेटाला निघाली की मी एवढंच सांगते: तिथे लाव्हा नंतर बघा, आधी राख बघा. सह्याद्रीत आपल्या नजरेला लाव्ह्याचे पायऱ्यापायऱ्यांचे थर सवयीचे असतात. सँटोरिनी मात्र आफ्रिकेची भूपट्ट (प्लेट) एजियन समुद्राच्या प्लेटखाली शिरते तिथलं. इथला शिलारस बऱ्याचदा सिलिकाने दाट आणि वायूने भरलेला असतो, त्यामुळे मोठे उद्रेक स्फोटकच होतात.

फिरा या बेटावरच्या मुख्य गावाजवळच्या प्युमिसच्या (सच्छिद्र, हलक्या ज्वालामुखी दगडाच्या) जुन्या खाणींना भरपूर वेळ द्या. इसवीसनपूर्व १६०० च्या सुमारास झालेला महास्फोट तिथे खालून वर क्रमाने वाचता येतो. तळाशी त्या काळची माती, तिच्यावर हवेतून पडलेल्या प्युमिसचा फिकट थर. मग एकदम तिरप्या रेघांचे थर सुरू होतात. इथे समुद्राचं पाणी शिलारसापर्यंत पोहोचलं आणि उद्रेकाची रीतच बदलली. त्याच्या वर मोठमोठे दगड अडकलेला, थर नसलेला जाड राडा. फोटो काढाच, पण हाताने स्तंभालेख, म्हणजे थरांचा खालून वर उभा आराखडा, काढल्याशिवाय तिथून हलू नका. एक थर संपून दुसरा सुरू होतो ती सीमारेषा रेखाटतानाच नीट दिसते.

एवढं करूनही अर्धी गोष्ट समुद्राखालीच राहते. बेटाच्या ईशान्येला जेमतेम सात किलोमीटरवर कोलंबो हा ज्वालामुखी आहे. १६५० मध्ये तो फुटला, त्सुनामी आली आणि विषारी वायूंनी सँटोरिनीवरची माणसं आणि गुरं मेली. त्याच्या विवराचा तळ सुमारे ५०० मीटर खोल आहे आणि तिथल्या झरोक्यांतून २०० अंशांहून अधिक तापलेलं पाणी निघतं. हातोडी तिथे पोहोचत नाही. तिथे भूकंपीय छेद (ध्वनिलहरींनी टिपलेलं तळाखालच्या थरांचं चित्र) आणि समुद्रतळातून काढलेले गाभेच (खोदून काढलेले लांब दंडगोल नमुने) वाचावे लागतात. २०२२-२३ मध्ये 'जॉइडीस रिझोल्यूशन' जहाजाने या भागात असेच गाभे काढले.

२०२५ च्या सुरुवातीला सँटोरिनी आणि अमोर्गोस बेटाच्या मधे हजारो भूकंप झाले. शिलारस भेगेतून आडवा सरकत होता आणि त्याच वेळी सँटोरिनी व कोलंबो दोन्ही खचत होते, असं मोजमापांत आढळलं. म्हणजे या शेजाऱ्यांचं खोलवर काहीतरी नातं आहे. मला या विषयातलं सगळ्यात थरारक काम हेच वाटतं, आणि नव्या माणसांची गरजही इथेच आहे. म्हणून खनिजशास्त्राबरोबर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि भूकंपलहरींचं विश्लेषण पहिल्या वर्षापासूनच शिकायला घ्या.