अमेरिकेतल्या विद्यापीठाचा इमर्जन्सी मेसेज : निघालेल्या मुलांनी आणि पुण्यातल्या आईबाबांनी या चुका टाळा

मुलीचं इथलं सिम आम्ही एका जुन्या हँडसेटमध्ये घालून फ्रिजवर ठेवलं होतं. त्यावर बँकेचे ओटीपी यायचे, ते तिला व्हॉट्सॲपवर कळवायचे, एवढंच त्याचं काम. ती अमेरिकेला गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात रात्री पावणेदोनला तो हँडसेट वाजला. एवढ्या रात्री कसला ओटीपी, म्हणून मी उठले. मेसेज तिच्या विद्यापीठाचा होता : अमुक इमारतीत गॅस गळती, इमारत ताबडतोब रिकामी करा, त्या बाजूला फिरकू नका.

तिला फोन लावला. तिथे दुपारचे सव्वाचार. "कसली गळती गं आई? मी तर शेजारच्याच इमारतीत लायब्ररीत बसलेय. मला काहीच आलं नाही."

मेसेज कोथरूडच्या फ्रिजवर आला आणि जिच्यासाठी होता तिच्या खिशात आला नाही. गळती लवकर आटोक्यात आली, त्यामुळे आज हे हसून सांगता येतं. पण त्यानंतर मी या व्यवस्थेच्या मागेच लागले, आणि ओळखीतल्या चार-पाच घरांत चौकशी केली तर बहुतेकांच्या चुका आमच्यासारख्याच निघाल्या.

अर्जातला नंबर तसाच राहतो

प्रवेशाचा अर्ज मुलं पुण्यात बसून भरतात. त्यात +91 चा नंबर जातो आणि तोच विद्यापीठाच्या नोंदीत बसतो. पुढे व्हिसा, विमान, गोडा मसाला, मेतकूट, कुकरची जास्तीची शिट्टी, या सगळ्या धांदलीत तो नंबर बदलायचा असतो हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. तिथलं सिम सुरू झालं की त्याच दिवशी स्टुडंट पोर्टलवर जाऊन नंबर बदला. काही ठिकाणी नव्या नंबरावर एक कोड येतो. तो भरल्याशिवाय नंबर चालू होत नाही, आणि पोरं 'सेव्ह' दाबून मोकळी होतात.

आमचा मेसेज भारतातल्या नंबरावर पोचला हेसुद्धा नशीबच म्हणायचं. तिथल्या अशा बऱ्याच व्यवस्था पाच-सहा आकडी छोट्या नंबरावरून मेसेज पाठवतात आणि ते साधारणपणे अमेरिकेतल्याच कंपन्यांच्या सिमवर येतात. त्यामुळे "सध्या इथलंच सिम रोमिंगवर चालवू, काय बिघडलं" हा विचार या बाबतीत तरी करू नका.

नंबर बदलण्याची वेळ दुसऱ्यांदाही येते. पहिला महिना मुलं कुठलं तरी प्रीपेड किंवा इ-सिम वापरतात. मग चार रूममेट मिळून फॅमिली प्लॅन घेतात, कारण तो स्वस्त पडतो. जुना नंबर पोर्ट केला तर ठीक, नाहीतर नवा नंबर सगळ्या मित्रांना कळतो आणि विद्यापीठाला सोडून. माझ्या भाच्याचं हेच झालं. त्याचा जुना नंबर पुढे कोणाला मिळाला असेल आणि त्या माणसाला कुठल्या वादळाचे मेसेज जात असतील, देव जाणे.

याच पोर्टलवर आणखी एक फसगत आहे. 'इमर्जन्सी काँटॅक्ट' नावाचा एक रकाना असतो आणि 'इमर्जन्सी अलर्ट' नावाचा दुसरा. पहिल्यात तुमचा, म्हणजे आईबाबांचा किंवा तिथल्या काकांचा नंबर हवा. मुलाला काही झालं तर विद्यापीठ त्या नंबरावर फोन करतं. दुसऱ्यात मुलाचा स्वतःचा, रोज खिशात असणारा नंबर हवा. आमच्या लेकीने पहिल्यात स्वतःचाच नंबर घातला होता. म्हणजे ती बेशुद्ध पडली असती तर विद्यापीठाने तिलाच फोन केला असता.

'स्टॉप' लिहून पाठवणं

दर सत्राच्या सुरुवातीला 'ही चाचणी आहे' असा मेसेज येतो. वर्षातून निदान एकदा अशी चाचणी घेणं तिथल्या नियमानुसार बंधनकारकच आहे. शिवाय बर्फामुळे वर्ग बंद, वीज गेली, अमुक रस्ता बंद, हेही येत राहतं. एखादा वैतागून उत्तरात 'स्टॉप' असं लिहितो आणि त्या क्षणापासून त्याचा नंबर यादीतून गळतो. पुढे खरं काही झालं तरी त्याला कळत नाही, आणि आपण स्वतःच दार लावून घेतलंय हे तो विसरून गेलेला असतो.

मेसेज येणं अचानक बंद झालं असेल तर आधी हेच तपासा. बहुतेक वेळा त्याच नंबरावर 'स्टार्ट' लिहून पाठवलं की पुन्हा सुरू होतं. नाही झालं तर पोर्टलवरून नंबर काढून परत घाला. मेसेज खूप येतात अशी तक्रार असेल तर आपण कुठले कॅम्पस निवडलेत ते पाहा. ज्या विद्यापीठाचे तीन-चार गावांत कॅम्पस असतात तिथे सगळ्यांवर टिकमार्क करून ठेवणारे महाभाग आहेत.

आपला फोन आपोआप किंचाळेल असं समजणं

2023 मध्ये भारतभर फोन एकदम कर्कश वाजले होते, आठवतंय? सरकारच्या आपत्ती इशाऱ्याची ती चाचणी होती. मोबाइलच्या टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनांना एकदम इशारा जातो, त्याला नंबर नोंदवायची गरज नसते. अमेरिकेतही सरकारी इशारे असेच येतात. विद्यापीठाचा अलर्ट मात्र बहुतेक वेळा साधा एसएमएस असतो. फोन सायलेंटवर असेल तर तोही गुपचूप येऊन पडून राहतो.

म्हणून पहिला चाचणी मेसेज आला की तो नंबर नाव देऊन सेव्ह करायचा. आयफोनमध्ये त्या नावाच्या टेक्स्ट टोनमध्ये जाऊन 'इमर्जन्सी बायपास' चालू करता येतं, मग फोन सायलेंट असला तरी तो मेसेज वाजतो. अँड्रॉइडमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब'च्या सेटिंगमध्ये त्या नंबराला सूट देता येते. फोनप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे असते, पण सापडते. नंबर सेव्ह केल्याचा आणखी एक फायदा : अनोळखी नंबरांचे मेसेज फोन जिथे बाजूला टाकतो, त्या अडगळीत तो जात नाही.

एसएमएसबरोबर ईमेल आणि ॲपही जोडून ठेवा. तळघरातल्या प्रयोगशाळेत रेंज नसते, वाय-फाय असतं.

शब्द नीट न वाचणं

'इव्हॅक्युएट' म्हणजे बाहेर पडा. 'शेल्टर इन प्लेस' म्हणजे आहात तिथेच आत थांबा. 'लॉकडाउन' म्हणजे दार लावा, दिवे घालवा, आवाज करू नका. 2020 मधला अर्थ इथे विसरायचा. 'ऑल क्लिअर' आल्याशिवाय यातलं काहीच संपत नाही.

वादळाच्या पट्ट्यात मूल असेल तर 'वॉच' आणि 'वॉर्निंग' यांतला फरक पाठ हवा. टोर्नेडो वॉच म्हणजे हवा तशी झाली आहे, सावध राहा. टोर्नेडो वॉर्निंग म्हणजे वादळ दिसलंय किंवा रडारवर सापडलंय, खालच्या मजल्यावर खिडक्यांपासून लांब जा, आत्ता. पुण्यात वाढलेल्या मुलांची इथेच पंचाईत होते. रेड अलर्ट आला, शाळेला सुट्टी मिळाली आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. इशारा म्हणजे सुट्टी हा संस्कार इतका पक्का की वॉर्निंगच्या वेळी एक जण गॅलरीत उभा राहून व्हिडिओ काढत होता. व्हिडिओ अर्थातच त्याच्या आईनेच मला दाखवला.

तिथली विद्यापीठं एवढ्यातेवढ्यावरून मेसेज का टाकतात, याला कारण आहे. 1986 मध्ये लीहाय विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा खून झाला. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि 1990 मध्ये कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती देणं बंधनकारक करणारा कायदा आला. पुढे 16 एप्रिल 2007 ला व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास हॉस्टेलमध्ये गोळीबार झाला. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला 9 वाजून 26 मिनिटांनी, आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्याच माणसाने वर्गांमध्ये गोळीबार केला. एकूण 32 जण गेले. त्या मधल्या दोन तासांवर खूप चर्चा झाली. 2008 मध्ये कायदा बदलला, आणि धोका पक्का झाला की ताबडतोब कळवणं विद्यापीठांवर बंधनकारक झालं.

आपल्याकडे 25 जुलै 2024 ला खडकवासल्याचं पाणी एकतानगरीत शिरलं तेव्हा लोकांची तक्रार होती की आधी कोणी सांगितलं नाही. तिथे इतकं सांगतात की पोरं वाचेनाशी होतात. दोन्हींत पाय ओले होतात.

आणि आपल्या चुका

मी त्या रात्री केलेली सगळ्यात मोठी चूक म्हणजे फोन लावणं. गॅस गळती होती म्हणून निभावलं. कोणी बंदूक घेऊन फिरतोय असा अलर्ट असता आणि ती दिवे घालवून टेबलाखाली बसलेली असती, तर तिचा फोन खणखणवणारी मी पहिली. अशा वेळी फोन करायचा नाही. एक मेसेज टाकायचा आणि वाट पाहायची. ते कसं जमतं ते विचारू नका, पण फोन करायचा नाही.

आमच्याकडे आता ठरलंय : अलर्ट आला की ती फॅमिली ग्रुपवर फक्त 'ठीक' असं टाकते. पुढचं काहीही तिने आपणहून सांगेपर्यंत विचारायचं नाही. आजीला हा नियम मान्य नाही, पण आजीला व्हॉट्सॲपवरून फोन लावता येत नाही, त्यामुळे चालून जातं.

पालकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या बातम्या तर त्याहून वाईट. 21 ऑगस्ट 2025 ला पेनसिल्व्हेनियातल्या व्हिलानोव्हा विद्यापीठात आणि टेनेसीच्या चॅटनूगा इथल्या विद्यापीठात बंदूकधारी शिरल्याचे अलर्ट गेले. दोन्ही ठिकाणी कोणीतरी खोटे फोन करून पोलिसांना पळवलं होतं. म्हणजे अलर्ट खरा, कारण खोटं. मुलांनी मात्र तो खराच मानून लपायला हवं आणि ती लपलीही. इथे पुण्यात मध्यरात्र उलटलेली असताना 'किती गेले' असे आकडे फिरवायचं आपल्याला काहीच कारण नसतं. विद्यापीठाच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून बघा, ताजी माहिती तिथेच येते. 160 अक्षरांच्या मेसेजमध्ये सगळं मावत नाही.

अलर्टला उत्तर म्हणून 'मी अमुक खोलीत अडकलोय' असं लिहूनही उपयोग नाही. ते सहसा कोणी वाचत नाही. मदतीसाठी 911. मेसेज करून 911 कडे मदत मागण्याची सोय बऱ्याच भागांत आहे, सगळीकडे नाही, त्यामुळे मुलाने आपल्या गावात ती आहे का ते गेल्या गेल्या पाहून ठेवावं. आणि पुण्यातून 911 फिरवून तिथले पोलीस मिळत नाहीत. त्यासाठी कॅम्पस पोलिसांचा पूर्ण दहा आकडी नंबर, पुढे +1 लावून, तुमच्याकडे हवा.

शेवटचं : मूल कॅम्पसबाहेर फ्लॅट घेऊन राहत असेल, आणि आपली बहुतेक मुलं तशीच राहतात, तर विद्यापीठाचा अलर्ट मुख्यतः कॅम्पस आणि लगतच्या भागापुरता असतो. फ्लॅट जिथे आहे त्या काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, अलर्टची नोंदणी अनेक ठिकाणी वेगळी करावी लागते, तीही फुकट असते. आमच्या लेकीने ती दुसऱ्या वर्षी केली, शेजारच्या बिल्डिंगला आग लागल्यावर. कॅम्पस पोलिसांचा नंबर मी कागदावर लिहून फ्रिजला मॅग्नेटने लावलाय, त्या जुन्या हँडसेटच्या बरोबर खाली.